तिकिटाची दर्शनी बाजू कोणाची?

टपाल तिकिटे जमविण्याचा छंद हा सुखवस्तू घरांतील मुलांचा विरंगुळा आहे, चळवळीतील माणसाने त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो बरोबर नाही. आलेल्या पाकिटावरचे तिकीट पाण्यात भिजवून अलगद सोडविणारी आणि जुन्या वहीत चिकटविणारी मुले आपल्या तालुक्याच्या गावांतही होती. त्यांना त्यासाठी एक पैसाही लागत नसे. शिवाय टपाल तिकीट ही राज्यसंस्थेने छापलेली आणि नोटा-नाण्यांच्या खालोखाल सामान्य माणसाच्या हातून सर्वांत जास्त वेळा गेलेली वस्तू आहे. तिच्या दर्शनी बाजूवर काय छापावे हे कोण ठरवितो आणि त्याचे मोल कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, आणि म्हणून तो राजकारणाचाही आहे.

संग्राहकांमध्ये एक लहानसा वर्ग केवळ व्यापारी जाहिरातींशी जोडलेली तिकिटे जमविणारा आहे. असा संग्रह कालक्रमाने लावून पाहिला तर त्यात एक सरळ वाटचाल दिसते. जाहिरात प्रथम तिकिटाच्या पाठीवर आली, नंतर त्याच्या शेजारी बसली आणि अखेरीस तिने दर्शनी बाजूच ताब्यात घेतली. सार्वजनिक सेवेचे बाजारात रूपांतर कसे होते, हे इतक्या थोड्या जागेत दाखविणारा पुरावा क्वचितच मिळेल.

तिकीट म्हणजे वचन

तिकीट मुळात काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये टपालहशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारले जाई आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. रोलंड हिल यांनी १८३७ साली लिहिलेल्या पुस्तिकेत हिशेब मांडून दाखविले की, पत्र प्रत्यक्ष वाहून नेण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो; खरा खर्च होतो तो हाताळणीवर, नोंदींवर आणि वसुलीवर. तेव्हा हशील आधीच घ्यावे आणि देशभर एकच दर ठेवावा, हा त्यांचा निष्कर्ष होता. जानेवारी १८४० मध्ये एक पेनीचा सरसकट दर सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिकटविण्याचे पहिले तिकीट निघाले. हिंदुस्थानात १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा विचार न करता अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले आणि १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड मिळू लागले.

परकीय सरकारने हे आपल्या कारभाराच्या आणि व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी केले, यात शंका नाही. तरीही त्या व्यवस्थेच्या पोटात समतेचे एक तत्त्व होते. जवळच्या पत्राने दूरच्या पत्राचा आणि शहराने खेड्याचा भार उचलायचा, हे ते तत्त्व. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाचे कार्ड कोकणातील वाडीवर पोचायचे ते याच तत्त्वावर. म्हणून तिकीट ही निव्वळ चित्रमय चिठ्ठी नव्हे. ते राज्यसंस्थेने नागरिकाला दिलेले वचन आहे: आम्ही पैसे घेतले आहेत, आता तुमचे पत्र पोचवू.

येथे एक आर्थिक गोम आहे. वचनाची किंमत आगाऊ घेतली आणि ते पाळण्याची वेळच आली नाही, तर छपाईचा खर्च वजा जाता सारी रक्कम नफा ठरते. चलनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. छापील नोटेच्या किमतीत आणि तिच्या छपाईच्या खर्चात जो फरक असतो, तसलाच हा लाभ आहे. जो संग्राहक कोरे तिकीट विकत घेऊन अल्बममध्ये ठेवतो, तो टपालखात्याला सेवेची किंमत देतो आणि सेवा मात्र मागत नाही. ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या ध्यानात येण्यास फार वेळ लागला नाही.

पाठीवरून पुढे

१८९३ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी न्यूझीलंडच्या टपालखात्याने आपल्या तिकिटांच्या मागच्या बाजूवर खाजगी जाहिराती छापू दिल्या. बीचमच्या गोळ्या, सनलाइट साबण, कॅडबरीचा कोको अशी नावे त्या तिकिटांच्या पाठीवर सापडतात. तिकीट जिभेने ओले करण्याचे ते दिवस होते. म्हणजे नागरिकाने साबणाची जाहिरात चाटूनच पत्र पाठवायचे. लोकांना तो प्रकार रुचला नाही आणि प्रयोग लवकरच आटोपला. संग्राहकांना मात्र ती तिकिटे आजही हवी असतात. एक गोष्ट नोंदवून ठेवावी: तिकीट चिकटविले की जाहिरात झाकली जाई. पत्राच्या दर्शनी बाजूवर राज्यसंस्थेचीच मुद्रा राही.

त्याच वर्षी अमेरिकेत कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने एक सेंटापासून पाच डॉलरपर्यंतच्या सोळा तिकिटांचा संच निघाला. त्या काळी साधे पत्र दोन सेंटांत जात असे. पाच डॉलरचे तिकीट लावण्याजोगे टपाल कितीजणांकडे असणार? या योजनेमागे असलेले पोस्टमास्टर जनरल जॉन वॅनामेकर हे फिलाडेल्फियातील एका प्रचंड दुकानाचे मालक होते. संच पुरा करण्याची ओढ हीच विक्रीची किल्ली आहे, हे त्यांनी अचूक हेरले. या तिकिटांविरुद्ध सिनेटमध्येही आवाज उठला. पण तिकिटे खपली.

दुसरी पायरी इटलीची. मुसोलिनीच्या राजवटीत, १९२४-२५ साली, राजाच्या चित्राच्या तिकिटाला खालून जोडलेली जाहिरातीची पट्टी निघाली. तिच्यावर कांपारीचे मद्य होते, सिंगरचे शिलाईयंत्र होते, कोलंबियाची ध्वनिमुद्रिका होती. आता जाहिरात झाकली जात नव्हती. राजाच्या शेजारी बसून ती पाकिटावरून गावोगाव हिंडत होती. तथापि तिकीट आणि जाहिरात यांच्यामध्ये एक रेघ अजून शिल्लक होती.

ही रेघ पुसली गेली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७९ हे वर्ष आंतरराष्ट्रीय बालवर्ष म्हणून जाहीर केले. बालवर्ष म्हटल्यावर कुपोषण, बालमजुरी आणि शाळा यांची आठवण व्हावी. न्यूयॉर्कच्या एका तिकीट-दलाल कंपनीला मात्र डिस्नेच्या पात्रांची आठवण झाली. कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा, डॉमिनिका, ग्रेनाडा अशा छोट्या देशांच्या नावे मिकी माऊस आणि डोनाल्ड डक यांची तिकिटे निघू लागली, आणि पुढे आशिया-आफ्रिकेतील देशही या रांगेत येऊन उभे राहिले. ज्यावर माणसाची कायमची वस्ती नाही, त्या रेडोंडा नावाच्या खडकाच्या नावावरही डिस्नेची तिकिटे काढण्यात आली. पत्र लिहिणारा नाही आणि घेणाराही नाही. तिकीट मात्र आहे. या संचांची घडणही पाहण्यासारखी असे. अर्ध्या सेंटापासूनची चारसहा क्षुल्लक तिकिटे, वर एकदोन जबर किमतीची, आणि त्यांच्या जोडीला वेगळे विकायचे मिनिएचर शीट. लहान मूल स्वस्त तिकिटांनी ओढले जाते आणि संच पुरा करण्यासाठी बापाला महाग तिकीट घ्यावे लागते.

या व्यवहारात कोणाला काय मिळते? पात्रांच्या मालक कंपनीला परवान्याचे पैसे मिळतात आणि वर सार्वभौम राष्ट्राच्या मुद्रेची प्रतिष्ठा मिळते. दलालाला विक्रीचा मोठा भाग मिळतो. त्या देशाला उरलेला वाटा मिळतो आणि देशातील नागरिकाला काहीच मिळत नाही. कारण यातील पुष्कळशी तिकिटे त्याच्या टपालकचेरीच्या खिडकीपर्यंत येतच नाहीत.

श्रीमंत देशांनीही हाच रस्ता धरला. अमेरिकेत एल्विस प्रेसलीचे तिकीट जानेवारी १९९३ मध्ये निघाले. त्याआधी गायकाचे तरुण चित्र हवे की प्रौढ, याचा कौल लोकांकडून घेऊन पुरती हवा निर्माण करण्यात आली होती, आणि नंतर लोकांनी त्या तिकिटाच्या कोट्यवधी प्रती पत्राला न लावता घरात ठेवल्या. २००७ साली ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या तिसाव्या वर्धापनानिमित्त तिकिटे निघाली, तेव्हा तर सुमारे चारशे पत्रपेट्यांनाच त्या चित्रपटातील यंत्रमानवाचा वेश चढविण्यात आला. पाठ, शेजार आणि दर्शनी बाजू झाल्यानंतर आता पेटीची पाळी आली होती.

एका निवडणुकीची गोष्ट

यावर कोणी म्हणेल की, हौशी लोकांनी आपखुशीने पैसे खर्चिले, त्यात कोणाचे काय बिघडले? याचे उत्तर प्रशांत महासागरातील कुक बेटांनी दिले आहे.

फिनबार केनी हे न्यूयॉर्कच्या मेसीज या विख्यात दुकानाच्या तिकीट-विभागाचे एकेकाळचे व्यवस्थापक. १९६० च्या दशकात त्यांनी इराणी आखातातील अजमान, फुजैरा अशा शेखशाह्यांशी करार करून तिकिटांचा पूर आणला. त्या काळात तिकिटे जमविलेल्या आपल्याकडील वाचकांना ती मोठमोठी, झगझगीत, प्राण्यांची आणि अंतराळवीरांची तिकिटे आठवत असतील. त्यांच्या कोपऱ्यात नेटका शिक्का असे आणि मागे गोंद मात्र जसाच्या तसा. पत्राला लागून आलेल्या तिकिटावर गोंद राहील कसा? छापखान्यातच शिक्के मारून ती पाकिटांत भरली जात. याच केनींकडे कुक बेटांच्या तिकिटांच्या जागतिक विक्रीचा मक्ता होता.

मार्च १९७८ मध्ये तेथे निवडणूक झाली. न्यूझीलंडमध्ये पोटासाठी गेलेल्या आपल्या मतदारांना सत्ताधारी पक्षाने नाममात्र भाड्यात विमाने भरभरून मायदेशी आणले आणि निवडणूक जिंकली. विमानांचा खर्च भागला तो तिकिटांच्या व्यवहारातून. न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तो विजय रद्द ठरविला आणि सत्ता विरोधी पक्षाकडे गेली. अमेरिकेने परदेशी सत्ताधाऱ्यांना लाच देण्याविरुद्ध १९७७ साली कायदा केला होता. त्याखालचा पहिला फौजदारी खटला १९७९ मध्ये झाला तो केनींच्या कंपनीवर. प्रीमियर सर अल्बर्ट हेन्री यांच्या पक्षासाठी सुमारे ३,३७,००० न्यूझीलंड डॉलर दिल्याचे हे प्रकरण होते आणि उद्देश मक्ता टिकविण्याचा होता. कंपनीने गुन्हा कबूल केला. हेन्री यांचा ‘सर’ हा किताब १९८० मध्ये काढून घेण्यात आला.

आपल्या वाचकांना खटकेल अशी गोष्ट पुढेच आहे. हे अल्बर्ट हेन्री १९४० च्या दशकात आपल्या बेटांवरील कष्टकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संघटनेतून पुढे आले होते. चळवळीतून आलेला नेता, नवस्वतंत्र राज्यकारभार, तिजोरीत खडखडाट आणि दारात परदेशी मक्तेदार. अशा परिस्थितीत पुढे काय घडते ते आपण इतरत्रही पाहिले आहे. मक्ता तिकिटांचा असो वा खनिजांचा, त्याचा स्वभाव बदलत नाही.

छोट्या देशाने तिकिटे विकून पैसा उभारणे हे मुळातच गैर आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. मूठभर वस्तीच्या पिटकेर्न बेटाने १९४० पासून स्वतःची तिकिटे काढली आणि दीर्घकाळ तेथील सार्वजनिक खर्चाचा मोठा भाग त्यांवरच चालला. पण त्या तिकिटांवर त्या बेटाचाच इतिहास आणि जीवन असे आणि उत्पन्न तेथील लोकांसाठी असे. प्रश्न विक्रीचा नाही. मालकी कोणाची आणि हिशेब कोणापुढे, हा आहे.

आपल्या दारात

आता आपल्याकडे पाहू. १८ एप्रिल १९५८ रोजी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने तिकीट काढले. कर्वे तेव्हा हयात होते. हयात व्यक्तीला स्वतंत्र भारताच्या तिकिटावर स्थान मिळण्याचा हा पहिला प्रसंग. जोतीराव फुल्यांचे तिकीट १९७७ मध्ये आणि सावित्रीबाईंचे १९९८ मध्ये आले. हे मान उशिरा आले अशी तक्रार करता येईल. ते विकत घेतले असे कोणाला म्हणता येणार नाही.

२०११ साली दिल्लीच्या जागतिक तिकीट-प्रदर्शनात टपालखात्याने ‘माय स्टॅम्प’ ही योजना आणली. पाच रुपये दर्शनी किमतीच्या बारा तिकिटांचा ताव तीनशे रुपयांना. तिकिटाला जोडलेल्या पट्टीवर आपले छायाचित्र, किंवा कंपनीचे चिन्ह. साठ रुपयांच्या टपालाचे तीनशे रुपये, म्हणजे दोनशे चाळीस रुपये हे राज्यसंस्थेच्या शेजारी बसण्याचे भाडे झाले. इटलीची १९२४ ची पट्टीच ही, फक्त आता ती घाऊक आणि किरकोळ अशा दोन्ही भावांनी मिळते. वाढदिवसाला कोणी आपल्या नातवाचे चित्र छापून घेतले, तर त्यात कोणाचे नुकसान नाही. पण डिसेंबर २०२० मध्ये कानपूरच्या टपालकचेरीतून छोटा राजन आणि मुन्ना बजरंगी यांची छायाचित्रे असलेली तिकिटे निघाली आणि चौकशीची पाळी आली. त्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला दोष देऊन हा विषय संपत नाही. ज्या जागेचे भाडे ठरते, त्या जागेवर भाडे देणारा येऊन बसतो.

याच खात्याने याहून शहाणपणाचे निर्णयही घेतले आहेत, हे सांगितले पाहिजे. दूरदर्शनवर ‘सुरभी’सारख्या कार्यक्रमांच्या प्रश्नमंजूषांसाठी लक्षावधी पोस्टकार्डे येऊ लागली. गरिबासाठी तोटा सोसून विकले जाणारे कार्ड अशा प्रायोजित स्पर्धांच्या कामी येऊ लागले. अशा स्पर्धांसाठी खात्याने वेगळे कार्ड काढले. त्याची किंमत पुढे १० रुपये झाली आणि साधे कार्ड ५० पैशांवर राहिले. तसेच २००२ मध्ये ‘मेघदूत’ कार्ड आले. त्यावर जाहिरात होती. पण त्यामुळे ते नागरिकाला ५० ऐवजी २५ पैशांत मिळे. येथेही व्यापाराशी गाठ घातलेली आहे, परंतु भार जाहिरातदारावर आणि लाभ पत्र लिहिणाराला आहे. माझ्या मते कसोटी हीच असावी. ज्या जाहिरातीने गरिबाचे पत्र स्वस्त होते ती सहन करता येईल. जिचा सारा लाभ न पाठविलेल्या पत्रांतून येतो, तिच्याकडे संशयानेच पाहिले पाहिजे.

कारण यातला खरा धोका सौंदर्याचा किंवा अभिरुचीचा नाही. ज्या खात्याची कमाई तिकीट वापरले जाण्यावर अवलंबून असते, त्याला पत्र वेळेवर पोचविण्यात रस असतो. ज्याची कमाई तिकीट न वापरले जाण्यावर अवलंबून राहू लागते, त्याला पत्र हे ओझे वाटू लागते. डेन्मार्कच्या टपालसंस्थेने २०२५ अखेर पत्रे पोचविण्याचे कामच थांबविले. आपल्याकडेही २०२५ मध्ये रजिस्टर्ड टपाल ही स्वतंत्र सेवा राहिली नाही. ती स्पीड पोस्टमध्ये मिसळण्यात आली. पत्रव्यवहार घटला आहे हे खरे. पण खेड्यातील पोस्ट म्हणजे केवळ पत्र नव्हे. म्हातारीचे निवृत्तिवेतन, बचतीचे पुस्तक आणि तुमच्या हाती असलेल्यासारखे साप्ताहिक हे सारे त्याच वाटेने जाते. ती वाट ज्यांच्या पायांवर उभी आहे, त्या ग्रामीण डाकसेवकांना मे-जून २०१८ मध्ये वेतनासाठी देशव्यापी संप करावा लागला. खात्याचे पूर्ण कर्मचारी म्हणून त्यांना आजही मान्यता नाही.

संग्राहकांनी आणि कार्यकर्त्यांनी काय करावे

संग्राहकांनी प्रतिकार केलाच नाही, असे नाही. केवळ सटोडियांसाठी काढलेल्या तिकिटांविरुद्ध १८९५ मध्ये लंडनमध्ये एक मंडळ स्थापन झाले. १९६० च्या दशकात अमेरिकन संग्राहकांच्या संघटनेने अशा तिकिटांवर ‘काळा डाग’ ठेवण्याची मोहीम चालविली. जागतिक टपाल संघाने २००२ पासून सदस्य देशांच्या अधिकृत तिकिटांना क्रमांक देण्याची पद्धत आणली. पण बहिष्काराची हाक जाणत्यांपर्यंतच पोचली. गिऱ्हाईक होते ते अजाण मूल.

म्हणून ही तिकिटे जमवू नका, असे मी सांगणार नाही. अवश्य जमवा, पण पुरावा म्हणून जमवा. शक्यतो प्रत्यक्ष टपालातून आलेले पाकीट ठेवा, कारण त्यावरचा शिक्का वचन पाळले गेल्याची साक्ष देतो. प्रत्येक तिकिटाखाली तीन ओळी लिहा: हे कोणत्या देशाच्या नावाने निघाले, कोणाच्या मालासाठी निघाले, आणि पैसे कोणाला मिळाले. शिबिरांतून मुलांना अल्बम दाखविणाऱ्या कार्यकर्त्यांनी कर्व्यांचे तिकीट आणि मिकी माऊसचे तिकीट शेजारी शेजारी ठेवावे आणि मुलांनाच फरक विचारावा.

मागण्या तीनच आहेत. व्यापारी संस्थेच्या नावाने किंवा तिच्या मालाशी जोडून निघणाऱ्या प्रत्येक तिकिटाचा करार जाहीर व्हावा. तिकिटाच्या दर्शनी बाजूवर खाजगी मालाला जागा मिळू नये. असलीच तर ती जोडपट्टीवर आणि भरपूर भाडे घेऊन. आणि न वापरलेल्या तिकिटांतून येणारा नफा स्वतंत्र हिशेबात दाखवून, तो आधी ग्रामीण डाकसेवकाच्या वेतनाकडे आणि स्वस्त कार्डाच्या तोट्याकडे वळवावा. संसदेतील आपल्या प्रतिनिधींनी यातली पहिली मागणी साध्या प्रश्नाच्या रूपाने विचारली, तरी सुरुवात होईल.